चारच्या भोंग्याचा मेसेज

१२ जानेवारी १९९८

आकारामला घरी बसवलं! चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही म्हणे. मी शाळेत होते तेव्हापासून हा माणूस साखर कारखान्याच्या बॉयलरवर आहे. शनिवारी चार वाजता बॉयलरचं पाणी उतरलं, नळ्या फुटल्या, गाळप बंद. आकाराम म्हणतो, मी 'पाणी कमी'चं बटण दाबलं होतं. पंपवाला म्हणतो, माझ्या पडद्यावर काही आलंच नाही. कॉम्प्युटरच्या लॉगमध्येही नोंद नाही. झालं! आमच्या कॉम्प्युटर खात्याचे जयराज साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. माणूस झोपला होता."

आधी आकाराम पंपवाल्याला सरळ हाक मारायचा. ती बंद करून ही बटणं साहेबांनीच आणली. आणि बटणांचे मेसेज पोचवणाऱ्या त्या मशीनची देखभाल माझ्याकडे! संताप संताप झाला नुसता.

१३ जानेवारी

गेटवर बयाबाई उभी — आकारामची बायको. "आवं ताई, ह्यांनी बटाण दाबलं हाय. खोटं बोलायचा माणूस न्हाई त्यो. पोरीचं लगीन ठरलंय, आन् आता सोयरं इचारत्यात, पावणं खरंच झोपलं व्हतं का?"

"बघते" म्हणाले. काय बघते, कपाळ!

१४ जानेवारी

संक्रांत. साहेबांनी हसत हसत सगळ्यांना तिळगूळ वाटला. माझा पर्समध्ये तसाच पडलाय.

१६ जानेवारी

सापडलं! सापडलं!!

भोंगा! शिफ्ट बदलताना भोंगा झाला की सगळ्या खात्यांनी ह्याच मशीनवरून एकदम रिपोर्ट पाठवायचा — साहेबांचाच फतवा. एरवी मेसेज तुरळक, सगळे पोचतात. साहेब चाचणी घेतात जेवणाच्या सुट्टीत, आणि "ओके" म्हणून मोकळे! आज मी चारच्या भोंग्यालाच नंबर टाकून मेसेज सोडले. मधले कितीतरी गायब! मशीन एका मेसेजची ओळ डिस्कवर पक्की बसल्याशिवाय पुढची घेतच नाही. तोवर बाकीच्या रांगेत. रांग एवढीशी. ती भरली की मागून येणारे मेसेज सरळ टाकून देतं, आणि पाठवणाऱ्याला कळवतही नाही. रेशन दुकानदार शटर ओढतो, तसं.

आकारामनं बटण दाबलं ते नेमकं भोंग्याला!

तडक चौकशी समितीला अर्ज दिला — चाचणी घ्या ती भोंग्याच्या वेळीच घ्या.

१७ जानेवारी

गायब मेसेजांचा एकुलता प्रिंटआउट घेऊन साहेबांकडे गेले. तो बघून एकदम लोणी — "शाब्बास, ज्ञानदा! पण उद्या परत असंच झालं आणि कुणी भाजलं तर? आधी दुरुस्त कर. प्रिंटआउट राहू दे माझ्याकडे, समितीपुढे मीच ठेवतो."

माणूस मला आवडत नाही, पण बोलला ते खोटं नाही. प्रिंटआउट ठेवून आले. कुणी भाजलं तर?

२० जानेवारी

दुरुस्त झालं. रांग मोठी केली. ओळीओळीला डिस्कसाठी थांबणं बंद. डिस्कवर जागाच नव्हती, म्हणून नवा प्रोग्रॅम जुन्यावरच चढवला, जुना पुसला गेला. आज चारच्या भोंग्याला एकही मेसेज हरवला नाही! येताना बयाबाईकडे गेले. म्हटलं, काळजी करू नका, आता सगळं नीट होईल. तिनं चहा केला, बळंच लाडू हातावर ठेवला. फार दिवसांनी काही गोड लागलं.

२२ जानेवारी

समिती आली. माझ्या अर्जाप्रमाणे बरोबर चारच्या भोंग्याला चाचणी घेतली. सगळे मेसेज पोचले. सगळेच्या सगळे!

मी ओरडले, हे आत्ता दुरुस्त केलंय, आधीचा प्रिंटआउट दाखवा! साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कुठला प्रिंटआउट?"

चौकशीला बोलावलेला आकाराम उठला. मला हात जोडले. "ऱ्हाऊ द्या ताई. तुमचं मशीन लय बेस चालतंय."