दाव्याबिगर गोष्ट

बुधवार, दिवेलागण

मी रडले न्हाई. तरी पोरीनं लिवलंय, आजी रडली, पदर भिजला.

कपिली गाय विकली त्याची गोष्ट नात पिंकीनं कॉलेजच्या अंकासाठी लिवली. आज वाचून दाखवली. मी म्हणलं, "बये, मी कवा रडले?"

"आजे, तू रडल्याबिगर वाचणाऱ्याला रडू कसं येईल?"

"मीच रडून घेतल्यावर त्याला काय काम ऱ्हायलं?"

बसली तोंड फुगवून.

खरं तर मी दावं सोडायले होते. विकलेल्या गाईसंगं आपलं दावं देत न्हाईत, घरची बरकत जाती. गाठ बोटानं सुटंना, मग दातानं सोडली. व्यापारी खोळंबलेला, अन् कपिली माझा कान चाटायली. एवढंच झालं. दावं अजून खुंटीला हाय. त्याच्याच खाली बसून पोरीनं गोष्ट लिवली, अन् गोष्टीत दावंच न्हाई!

दुसरी गाय तर घ्यायची न्हाई. मग मी ते का ठिवलंय? मलाबी सांगता येईना.

पिंकीनं गोष्टीत दावं घालावं, अन् उद्या धाडायच्या आधी कुठं घातलं ते तिनंच सांगावं. तिची बाजू घ्यायला तिच्या बापानं मधी तोंड घालू नये.