पाकळीचा ल

मुलुंड (पूर्व),
१५ नोव्हेंबर २०२४

चि. शकुस,

अ. उ. आ. धाकट्या बहिणीला असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून हा कागद. दुसरं कारण डॉक्टर. रोज एक पान हाताने लिहा, बोटं मोकळी होतील, असं ते म्हणाले. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. आधी रामनाम लिहून पाहिलं. अर्ध्या पानात हात थांबला. तुझ्यावर लिहायला घेतलं की थांबत नाही.

चिकनगुनियाचा ताप चार दिवसांत उतरला. त्याला आठ आठवडे झाले. दुखणं उतरलेलं नाही. सकाळी बोटं वळत नाहीत. घोटे भरल्यासारखे असतात. नळ मनगटाने उघडते. परवा ब्लाउजचे हुक लावायला बावीस मिनिटं लागली. घड्याळ समोरच होतं.

आईला तू 'पंधरा दिवस' म्हणून नेलंस. तिला इथे डास चावू नयेत, तापात मला तिचं करावं लागू नये, हे सगळं मी मान्य केलं. पंधराचे सत्तावन्न झाले. एकोणीस वर्षं ती माझ्याकडे आहे. तिचं न्हाणीतलं स्टूल मी हलवलेलं नाही. रोज त्याला अडखळते.

आईला ऐकू येत नाही, हे तुझ्या सोयीचं आहे. व्हिडिओवर ती फोन कानाला लावते. ऑक्टोबरमध्ये एकदा दहा मिनिटं मला तिचा कान दिसला. नंतर तू तोही दाखवला नाहीस.

चंद्रप्रकाश उद्या भांडुपच्या गोदामातून सुटल्यावर तुझा डबा घेऊन इथे येईल, तसा दर शनिवारी येतो. बायकोला नेऊन दे म्हणून त्याच्या हाती हे देते. पुढच्या शनिवारी डबा नको. आई हवी.

लोभ उरला नसेल तर चालेल. तिचा चष्मा विसरू नकोस.

पद्मजा


जोगेश्वरी (पूर्व),
२२ नोव्हेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग कागदावरचाच मानून घे. आमच्या हॉलमध्ये लोटांगणाला जागा नाही.

पत्र पोचलं, वाचता आलं नाही. तीस वर्षं छापखान्यात बसून लोकांची प्रुफं तपासलीस, आणि आता तुझं अक्षर बघून माझ्या सुनेला वाटलं डॉक्टरची चिठ्ठी आहे. शेवटी श्रुतिकानेच वाचून दाखवलं. तुझी बोलणी तिच्या गोड आवाजात ऐकायला बरी वाटली.

नंबर बंद केला तो दिवाळीला तू जे बोललीस त्यासाठी. आई पळवलीस म्हणालीस. सणाच्या दिवशी, पहिल्या दिव्याला. मी तुला घाबरते असं तुला वाटतं. घाबरायचे, शाळेत असताना.

ऑक्टोबरमध्ये तू बाथरूममध्ये पडलीस. शेजारच्या कमलताईंनी कडी तोडून तुला बाहेर काढलं. हे मला कमलताईंकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तुला स्वतःला उठता येत नाही आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला कोण उठवणार? दोघी पडलात तर कडी तोडायला पण कोणी नसेल.

आणि ते एकोणीस वर्षांचं सारखं ऐकवू नकोस. सुयोगच्या लग्नात आई चार दिवस माझ्याकडे राहिली, तर पाचव्या दिवशी सकाळी सातला तू टॅक्सी घेऊन खाली उभी. वाचनालयाचं पुस्तक परत न्यायला यावं तशी. मी पण तिची मुलगी आहे, ताई. मला ती सलग महिनाभर कधी मिळालीच नाही.

तर सरळ सांगते. ज्या दिवशी तू कुकरचं झाकण स्वतःच्या हाताने लावशील आणि स्वतःच्या हाताने काढशील, त्या दिवशी आई तुझी. ह्यांच्यासमोर लाव. हे खोटं बोलत नाहीत. मुळात बोलतच नाहीत.

लोभ मागत नाही, तुला द्यायची सवय नाही.

शकु


मुलुंड (पूर्व),
२९ नोव्हेंबर

चि. शकुस,

अ. उ. आ. तुझं पत्र शनिवारी वाचलं आणि लगेच चंद्रप्रकाशला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. डाळ-तांदूळ धुतले. झाकण लावलं. तीन शिट्ट्या झाल्या. वाफ गेल्यावर झाकण काढलं. त्याला वरणभात वाढला, त्याने खाल्ला. विचार त्याला.

तुझी अट पुरी झाली. आता नवीन अट काढशील, म्हणून आधीच लिहिते. आईलाच तिकडे राहायचं आहे असं तू म्हणणार. तसं असेल तर तिच्या हातच्या दोन ओळी पाठव. मी वाचीन आणि गप्प बसेन. तिच्या मनाविरुद्ध मला ती नको.

चंद्रप्रकाशला विचारलं, आई कशी आहे. त्याने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

तू म्हणतेस तुला ती सलग महिना मिळाली नाही. आता दोन मिळाले. ह्या दोन महिन्यांत मी एकटीने जेवत होते. ताट एका हाताने धरता येत नाही, म्हणून ओट्याशी उभ्याने. हे कीव यावी म्हणून लिहीत नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

लोभ नंतर बघू. आधी दोन ओळी.

पद्मजा


जोगेश्वरी,
६ डिसेंबर

प्रिय पद्मजा,

मी इथे मजेत आहे. शकु माझी खूप काळजी घेते. इथली हवा मला मानवली आहे. तू तुझ्या तब्येतीकडे लक्ष दे. मी इतक्यात येणार नाही. घाई करू नकोस. तू पूर्ण बरी झालीस की बघू.

तुझी आई,
मालन


मुलुंड (पूर्व),
१२ डिसेंबर

शकु,

आशीर्वाद आज नाहीत.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. रोज एक परिच्छेद. त्यामुळे राग ताजा आहे, असं समजू नकोस. तो शिळा आहे आणि घट्ट झाला आहे.

आई गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली. तिचा ल दोन पाकळ्यांचा आहे. गुरुजींनी वाळूत गिरवून घेतलेला. दुसरी पाकळी पहिलीपेक्षा मोठी येते, कारण तिथे तिचा हात सैल होतो. तू पाठवलेल्या पत्रातला ल दांडीचा आहे, स्टेशनावरच्या हिंदी पाटीवर असतो तसा. श्रुतिकाने लिहिला असणार. तुझं अक्षर मी ओळखलं असतं, म्हणून तू सुनेला बसवलंस. पण मी तीस वर्षं हेच काम केलं. 'मालन' ह्या नावात एकच अक्षर चोरता न येण्यासारखं आहे. तुम्ही नेमकं तेच चुकवलंत.

आई 'प्रिय' लिहीत नाही. ती 'चि. पद्मा हिस' लिहिते. आणि मजेत? चौऱ्याऐंशी वर्षांत आई कधी मजेत नव्हती. फार झालं तर ती 'बरी आसंय' म्हणते, तेही दोनदा विचारल्यावर. तिच्या पत्रात आधी कोण वारलं ते असतं, मग भाजी महाग झाल्याचं असतं. तुझ्या पत्रात कोणी वारलेलं नाही.

खोटं पत्र करायची वेळ आली, म्हणजे खरं पत्र तुला परवडणारं नव्हतं. तिला यायचं आहे. तू तिला अडवून ठेवलं आहेस. लहानपणी माझी बाहुली उशीखाली लपवून, मला माहीत नाही म्हणायचीस. तेव्हाही तुझा चेहरा तुला सांभाळता येत नव्हता. म्हणून आता व्हिडिओ बंद आहे.

शनिवारी, एकवीस तारखेला, मी येते. तुझ्या इमारतीला लिफ्ट नाही हे मला माहीत आहे. चार जिने बसून चढेन. आईला घेऊन जाईन. त्यानंतर तू माझ्या दाराशी आलीस तर मी दार उघडणार नाही, आणि हात दुखतात असं कारणही देणार नाही.

पद्मजा


जोगेश्वरी (पूर्व),
१४ डिसेंबर

ताई,

हे उद्या रविवारी मुद्दाम ह्यांच्या हाती पाठवते. शनिवारपर्यंत थांबले तर तू खरंच जिने चढायला निघशील.

आईला पण झालाय. चिकनगुनिया. २६ ऑक्टोबरला ताप आला. रक्त तपासलं. सात आठवडे झाले. तिची बोटं तुझ्याहून वाईट आहेत. पेन धरता येत नाही, म्हणून पत्र श्रुतिकाने लिहिलं.

तुझ्याकडे डास चावेल म्हणून मी तिला उचलून आणलं, आणि इथे चावला. आमच्या समोर बांधकाम चाललंय, खड्ड्यात पाणी साचलेलं. मी दोनदा तक्रार केली. आता ते सांगून काय उपयोग. दिवाळीला तू आईला दाखव म्हणत होतीस, तेव्हा ती तापात कण्हत होती. तू पळवलीस म्हणालीस आणि मला सुटका झाल्यासारखं वाटलं. भांडण झालं की फोन बंद करता येतो.

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. पद्मा आजारी आहे, तिला कळवू नको म्हणाली. पण खरं सांगते, शपथ नसती तरी मी सांगितलं नसतं. तू मला जन्मभर ऐकवलं असतंस. एकोणीस वर्षं माझ्याकडे धड होती, तुझ्याकडे महिन्यात वाट लागली. हे वाक्य मी रोज तुझ्या आवाजात ऐकते. तू अजून बोललेली नाहीस तरी.

आणि एक. पत्रातलं मजेत वगैरे माझं आहे. तिने सांगितलं होतं ते वेगळं होतं. "पद्माक सांग, माका घराक व्हर." मला घरी ने, एवढंच. दोनदा. श्रुतिका माझ्याकडे बघत राहिली. मी तिला दुसरं सांगितलं, तिने ते लिहिलं. शहाऐंशी दिवस आई माझ्या पलंगावर झोपते, माझ्या हातचं खाते, मी तिची वेणी घालते, आणि तिचं घर मुलुंडला. हे मी कागदावर लिहून तुला पाठवायचं होतं का?

आता काय शिव्या द्यायच्या त्या दे. श्रुतिकाला वाचायला देणार नाही. मीच वाचीन.

शकु


मुलुंड (पूर्व),
१५ डिसेंबर

चि. शकुस,

अ. उ. आ. चंद्रप्रकाश बाहेरच्या खोलीत बसला आहे. त्याला थांबवून हे लिहिते.

तुला माफ केलेलं नाही. त्याला आज वेळ नाही. आधी हे वाच.

सकाळी दहाच्या आधी तिला काही करायला सांगू नकोस. दहाच्या आधी आम्ही माणसं नसतो. उठल्यावर तिचे हात कोमट पाण्यात ठेव, मग चहा दे. कपबशी नको, कानाचा मोठा कप दे, दोन्ही हातांनी धरता येतो. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळ, जाड झाला की पकडता येतो. पेनालाही तसंच. उठवताना मनगट धरून ओढू नकोस, काखेत हात घाल. बघ बरं जमतंय का, असं म्हणू नकोस. जमत नाही हे तिला तुझ्याआधी माहीत असतं. पाय दुखतात असं ती सांगणार नाही. ती पदराशी चाळा करायला लागली की समज.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन महिने लागले शिकायला. तू सात आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंस, तर तिचे सात आठवडे वाचले असते. मी तुला ऐकवलं असतं, हे खरं आहे. ऐकवता ऐकवता हेही सांगितलं असतं.

आता माझं. त्या शनिवारी कुकरचं झाकण माझ्या हातून बसलं नाही. तीनदा लावलं. तिसऱ्यांदा रबर निघून खाली पडलं आणि मला वाकता आलं नाही. चौथ्यांदा चंद्रप्रकाशने लावलं, त्यानेच काढलं. वरणभात त्याने खाल्ला, तेवढं खरं. शकुला बोलू नकोस, असं मी त्याला बजावलं. ताईला बोलू नका, असं तू त्याला आधीच बजावलं होतंस. बिचारा पंख्याकडे पाहणार नाही तर कुठे पाहील?

म्हणजे एक खोटं तुझं, एक माझं. तुझं मोठं.

आईला घरी यायचं आहे, तर ती येईल. एकवीस तारखेलाच. चंद्रप्रकाश आणि सुयोगने तिला खुर्चीत बसवून जिने उतरवावेत. मला तिला उचलता येणार नाही. कुकरही लावता येत नाही. म्हणून तूही येशील. महिनाभर, तुला हवा होता तसा सलग. स्वतःची उशी घेऊन ये, माझ्या उशांना तू नावं ठेवतेस. तू स्वयंपाक कर, मी चुका काढीन. आईला ऐकू येत नाही, तेव्हा दोघींना मोकळेपणाने भांडता येईल.

न्हाणीतलं स्टूल जागेवर आहे.

लोभ ह्या घरात तिघींना पुरवून वापरावा लागेल, हे धरून चाल.

पद्मजा


जोगेश्वरी (पूर्व),
१७ डिसेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नंबर उघडलाय, पण फोन करू नकोस. आईला तुझं पत्र मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, आणि उत्तरही लिहूनच जायला पाहिजे असं तिचं म्हणणं. म्हणून स्पीड पोस्ट.

एकवीसला येतोय. उशी आणते. माझा चहा माझा मी करीन, तुझा काढा मला जाणार नाही. कुकर पण माझाच आणते, तुझ्याचं रबर गेलेलं असणार. ह्यांना काल विचारलं, तेव्हा पहिल्यांदा तीन वाक्यं सलग बोलले. तुझ्या हाताला कापरं भरलं होतं म्हणाले. मला आधी सांगायला पाहिजे होतं म्हणाले. वरण आळणी होतं म्हणाले.

कोमट पाण्याने फरक पडला. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर तू डोक्यावर बसशील.

खाली बघ आणि रडू नकोस. डोळे पुसायला तुझी बोटं वळत नाहीत.

लोभाचं समोरासमोर बघू.

शकु

ता. क. — सही मीच करणार, आई म्हणाली. पेनाला चिंधी गुंडाळली, तू लिहिलंस तशी. पाऊण तास लागला. 'मा' आला. 'ल'ची एक पाकळी आली. पुढचं मी हात धरून काढू का विचारलं, तर माझा हात झिडकारला. दुसरी पाकळी घराकडे गेल्यावर काढीन म्हणते.