माडीवरच्या दोन खोल्या

प्रिय दादा,

जागा मिळाली. हे आधीच सांगते, नाहीतर तू नेहमीसारखं पत्र शेवटाकडून वाचायला घेशील. माडीवर, मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. स्वयंपाकाचा ओटा इतका बुटका की माझं ठेंगणेपण पहिल्यांदाच कामी आलं. तुझी मात्र कंबर मोडेल. बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून समोरचं गॅरेज दिसतं, दिवसभर ट्रक लागलेले असतात. तुझी खाट तिथे टाकणार होते, मग आतल्या खोलीत टाकली.

मी ज्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते, तिथले मालक म्हणाले होते, एवढ्याशा गावात घराला काय तोटा? चार महिने चपला झिजवल्या. एके ठिकाणी तीन बिऱ्हाडांत एक न्हाणीघर, दुसरीकडे भाडं माझ्या पगाराएवढं. शेवटी रविवारचंही काम घेतलं, तेव्हा कुठे दोन खोल्यांचं नाव काढता आलं.

पहिली पसंत पडलेली जागा एका निवृत्त मास्तरांची होती. कोण कोण राहणार, त्यांनी विचारलं. मी आणि माझा भाऊ, म्हटलं. भाऊ काय करतो? परगावी कामाला असतो, सांगून मोकळी झाले. किल्लीही मिळाली. पण घर झाडताना सारखं मनात येई, हे मास्तर तुला रोज जिन्यात भेटणार, इतकी वर्षं कुठे होतास विचारणार, आणि माझं खोटं तुला निभवावं लागणार. तिसऱ्या दिवशी किल्ली परत केली. त्यानंतर विचारतील तिथे खरंच सांगितलं. भाऊ तुरुंगात आहे, सात वर्षं होत आली, सुटला की माझ्याकडे येईल. दोन ठिकाणी तिथल्या तिथे नकार मिळाला. एका बाईंनी तर माझ्यापुढचा अर्धा चहा उचलून नेला.

आताच्या घरमालकीण पूर्वी नर्स होत्या. काय केलं होतं त्यानं, त्यांनी सरळ विचारलं. दारू पिऊन ट्रक चालवला, एक माणूस गेला, मी म्हटलं. आता सुटली का दारू? आत कुठून मिळणार, बाहेर आल्यावरच कळेल, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "सुटली म्हणून शपथ घेतली असतीस, तर जागा दिली नसती. पण प्यायलेला दिसला तर दोघांनी सामान उचलायचं." मी कबूल केलं.

इतकी वर्षं वसतिगृहात पाच जणींत राहिले, तरी पलीकडच्या खाटेवरून येणारं एकही खाकरणं आपल्या माणसाचं नव्हतं. आता माझाच आवाज खोलीत घुमतो. आतून कुणीतरी चिडून म्हणावं, ठमे, बडबड पुरे, असं फार वाटतं.

गेल्या वेळी मी भेटायला आले, तर तू बाहेरच आला नाहीस. तिथल्या कारकुनानं सांगितलं, सुटकेच्या कागदावर 'कुठे राहणार' हा रकाना तू कोरा ठेवलास. बहिणीच्या गळ्यात पडायचं नाही म्हणालास. म्हणून हे पत्र. पाकिटावर पत्ता ठळक अक्षरांत लिहिलाय, तो तसाच त्या रकान्यात उतरव. फक्त 'बहिणीकडे' असं लिहू नकोस. भाडेकरारात माझ्या नावाखाली तुझंही नाव घातलंय. घरमालकीण म्हणाल्या, त्याची सही तो आल्यावर घेऊ.

तुझीच,
ठमी