रडण्याचं वेळापत्रक

सोमवार, ३ फेब्रुवारी

झालं! पडलं गळ्यात. मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर जाहीर केलं — चौथीच्या वर्गाला आठवड्यातून दोन तास 'समानुभूती' शिकवायची, आणि ती शिकवणार मी. एकवीस वर्षं गणित शिकवणारी मी! चित्रकलेच्या सरांना एकदम ठसका लागला. खोटा होता, मला कळत नाही का!

"दुसऱ्याचं मन ओळखता येणं हे पाढ्यांइतकंच गरजेचं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. असेल बाई. पण पाढे तपासता येतात.

घरी यांना सांगितलं. "तुला?" — एवढंच म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. पेपर हलत होता. मागे यांना ताप आला तेव्हा माझं पहिलं वाक्य 'तरी मी सांगत होते' हे होतं म्हणे. अहो, पण सांगत होतेच ना!

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिला तास. विचारलं, "समोरचा रडत असेल तर काय करायचं?" वकील लगेच उभा राहिला. (खरं नाव वेगळं. पण हजेरी घेतानासुद्धा मुद्दा काढतो.) "बाई, आधी चूक कोणाची ते बघायचं. त्याचीच असली तर?"

मनातून पटलं. पण तसं म्हणता येईना.

मग मला सुचलं. तक्ता! बत्तीस नावं, पुढे रकाने. दुसऱ्याचं दुःख ओळखून विचारपूस केली की एक तारा. महिन्याच्या शेवटी प्रगतिपुस्तकात श्रेणी. आता कसं हातात आलं!

रविवार, ९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. दोन मिनिटं. "सगळं ठीक आहे." जावयांचं विचारलं तर म्हणाली, "कामात आहे." आवाज बसलेला वाटला. म्हटलं, मिठाच्या गुळण्या कर, वेळेवर झोप, ते मोबाइल बघत जेवणं बंद कर. "बरं, ठेवते," म्हणाली.

पूर्वी तासतासभर बोलायची. गेले दोन महिने हे असंच. काहीतरी बिनसलंय. मला सांगत का नाही ही मुलगी?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तक्त्याला तुफान प्रतिसाद! वकिलाचे चौदा तारे. शिपाईमामांची मात्र दैना. सकाळपासून एकोणतीस जणांनी विचारलं, "मामा, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?" दुपारी मामा पंपाच्या खोलीत लपून बसलेले सापडले. "बाई, घंटा द्यायला वेळ मिळंना," म्हणाले. "आणि खरं सांगू का, सकाळी मला चांगलं वाटत होतं."

एकीचाच रकाना कोरा आहे. खिडकीशी बसते ती मुलगी. एकही तारा नाही. "कोणाची विचारपूस केलीस का?" विचारलं तर नुसती मान हलवली. घुमी आहे जरा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

डोक्याला हात लावायची वेळ! वकिलाच्या कंपासपेटीत कागद सापडला. अक्षर मोत्यासारखं, आखणी पट्टीने केलेली. 'सोमवार, मोठी सुट्टी — मी रडणार, गोट्या समजावणार. मंगळवार, छोटी सुट्टी — गोट्या रडणार, मी समजावणार.' असं थेट पुढच्या महिन्यापर्यंत. निम्मा वर्ग त्यात. एकाला वेळेवर रडू येत नाही म्हणून तो डब्यातून कांदा आणतो.

हेही हसून सोडलं असतं. पण आज एक जण खरोखर पायरीवरून पडला. गुडघा फुटला. भोकाड पसरलं त्याने, आणि एकही जण जागचा हलेना! का? तर — "बाई, आज त्याचा नंबर नव्हता."

आयोडीन मीच लावलं. हे मी शिकवलं. आखणीसकट.

गुरुवार, २० फेब्रुवारी

लिहू की नको. लिहिते.

मोठ्या सुट्टीत धाकट्या बहिणीचा फोन. इकडचं तिकडचं बोलता बोलता — "ती वेगळी राहायला लागल्यापासून तिची झोप…" आणि थांबली. वेगळी? कोण वेगळी? लेकीने दोन महिन्यांपूर्वी घर सोडलं. एकटी राहते. मावशीला माहीत! मला नाही! "मला का नाही सांगितलं?" तर धाकटी चाचरत म्हणाली, "ती म्हणते, आईला सांगितलं की आई लाल पेन घेऊन बसेल."

नकाशे ठेवतात त्या खोलीत गेले, दार लोटलं आणि रडले. पदर तोंडात कोंबून. बाहेर कुजबुज — "बाई रडतायत!" "खरंच? बाईंचे तर पाच तारे असतील!" वकिलाचा आवाज सगळ्यांत पुढे. मेले! आता ही फौज आत येणार, आणि विचारणार मला कसं वाटतंय.

तेवढ्यात एक बारीक आवाज. "रडत नाहीयेत. बाई पेपर तपासतायत. आत जायचं नाही."

"तू कोण सांगणार?"

"जायचं नाही म्हटलं ना!"

तोंड पुसून, केस सारखे करून बाहेर आले तर खिडकीवाली दाराला पाठ लावून उभी. हातात डबा, उघडलेलासुद्धा नाही. मी म्हटलं, "तू आत येऊन काही विचारलं नाहीस ते?"

"विचारलं की अजून रडू येतं," ती म्हणाली. आणि डबा खायला पळाली.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी कागदावर मुद्दे काढले. अकरा झाले. एक — तडकाफडकी निर्णय का? दोन — वकिलाला भेटलीस का? (खऱ्या.) तीन, चार… सातव्याखाली रेघ मारली होती.

फोन आला. "सगळं ठीक आहे," म्हणाली. कागद हातात. तोंड उघडलं, आणि त्या पोरीचं वाक्य आठवलं. म्हटलं, "बरं."

कागदाची घडी घातली, परत उलगडली.

"आई, आहेस ना?"

"आहे."

चार मिनिटं झाली. त्यातली दोन नुसती गप्प बसण्यात. फोन ठेवल्यावर यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तक्ता भिंतीवरून काढला. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं — खोलीत चित्रकलेचे सरही. "श्रेण्या कुठायत? आणि ज्या मुलीला शून्य आहे, तिच्या पालकांना बोलवायला हवं." मी म्हटलं, नको. का नको? सांगावं लागलं. नकाशांच्या खोलीत मी रडत होते, आणि अख्ख्या वर्गात त्या एकट्या मुलीला कळलं की मला आत्ता कोणीही नकोय. हे सगळं सरांच्या देखत! पण सरांना ठसका लागला नाही. खाली बघून ब्रश पुसत राहिले.

मोठ्या बाईंनी प्रगतिपुस्तकातला तो रकाना खोडला. म्हणाल्या, "तास मात्र चालू ठेवा." चालू ठेवते. पण काय शिकवू? आज नुसतं शेजारी बसायला शिकवलं. दोन मिनिटं, न बोलता. वकिलाला घाम फुटला. मलाही.

रविवार, २ मार्च

नऊ मिनिटं! तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणे. 'तिच्या' म्हणाली, 'आमच्या' नाही. मला नळाचे तीन उपाय माहीत आहेत. एकही सांगितला नाही. जीभ चावून चावून सुजली असेल. रोज वाटतं, उठावं, पिशवी भरावी, गाडी पकडावी आणि त्या दारात जाऊन उभं राहावं. पाच तासांचा तर रस्ता. यांनी एकदा पिशवी काढून ठेवलेली पाहिली. परत माळ्यावर टाकली.

रविवार, ९ मार्च

फोन नाही. दिवसभर नाही. मीही केला नाही. चुकलं का माझं? गप्प बसणं म्हणजे तिला आईची गरज नाही असं मानणं तर नव्हे? काही कळत नाही. बत्तीस पोरांना शिकवते म्हणे!

शनिवार, १५ मार्च

लेक आली. दोन बॅगा. किती दिवस, विचारलं नाही. चहा ठेवला. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मावशीची जीभ घसरली नव्हती, आई. मीच तिला सांगायला लावलं. बघायचं होतं, दुसऱ्या दिवशी येऊन दारात उभी राहतेस का." मी गॅस बंद केला. म्हटलं, "म्हणजे यायला हवं होतं मी?" तर हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "तू आली नाहीस," म्हणाली, "म्हणून मी आले."