चामटोलीची फेरी

३ नोव्हेंबर २०२५

आज उल्हासनगर कॅम्प एकच्या धर्मेशशेठचा फोन. त्यांची ड्रेसची पार्सलं बदलापुरात घरपोच करायचं काम सहा वर्षं माझ्याकडे आहे. "काका, सामनेवाला पंधरा में करतो. तुमचे वीस. मी काय करू, बोला!" सामनेवाला म्हणजे अंबरनाथची ती नवी कंपनी. पार्सलमागच्या माझ्या वीस रुपयांतले बारा माझ्याकडे कामाला असलेल्या सदूला नाहीतर शलाकाला जातात, जो पार्सल टाकेल त्याला. उरल्या आठांत गाळ्याचं भाडं, वीज आणि मी.

काम जाईल या भीतीने पंधराला हो म्हणून बसलो! आता पोरांच्या पोटाला चिमटा काढू?

४ नोव्हेंबर

सकाळपासून गाळ्यात नुसत्या येरझाऱ्या. शेवटी ठरवलं — पोरांचे बारा ते बाराच. बदलापूरबाहेरच्या चामटोली गावाची फेरी मी मारणार. तेवढीच मजुरी वाचेल. स्कूटर आहेच.

सदू म्हणाला, "काका, फलाटाचा जिना चढताना तुमचे गुडघे बोंबलतात, आन् फेरी?"

शलाका खिदळली. "हेल्मेट घाला हां! नायतर काकू मलाच धरतील."

६ नोव्हेंबर

चाळीस पार्सलं नेली, पंधरा दिली. दारात गेलं की "पाणी तरी घ्या." पाण्यामागून चहा. नाही म्हणायचं कसं? बाहेरून हाक मारून पार्सल टाकून पळायचं, हे मला जमत नाही बुवा! एका आजोबांनी पेन्शनचा कागद वाचून घेतला, त्यात पाऊण तास. उरलेली पंचवीस गोणीत भरून गाळ्याच्या कोपऱ्यात ठेवली. शेठचा नियम — तीन दिवसांत पोचलं नाही की परत. परतीचा भुर्दंड माझ्यावर.

७ नोव्हेंबर

गुडघ्यांना तेल.

११ नोव्हेंबर

गोणी हल्ली हलकी लागते. परत एकही गेलं नाही. हात बसला म्हणायचा! शेठ म्हणाले, "काका, आप तो जवान हो गये." दिवसभर छाती फुगवून हिंडलो. तरी काहीतरी टोचतंय. चहा तर तितकेच होतायत.

१४ नोव्हेंबर

चामटोलीत मोतीबाईंच्या दारात गेलो. म्हणाल्या, "शेजारणीचं पार्सल काल सांजच्याला तुमची पोरगी देऊन गेली की. लय दमलेली. पाणीबी नाय घेतलं."

माझी पोरगी? मला दोन्ही मुलगेच, तेही पुण्याला!

गाळ्यात येऊन कुणी किती पार्सलं दिली त्याची वही उघडली. माझ्या नावापुढे खुणाच खुणा — अक्षर शलाकाचं, काही ठिकाणी सदूचं. मी घरी गेलो की दोघं गोणी उपसत होती. माझ्या नावावर. म्हणजे फुकट!

विचारलं तर सदू मान खाली घालून, "जाऊ द्या ना काका. वाटेतच तर पडतं."

चामटोली कुणाच्या वाटेत पडते रे बाबा? मजुरी कापायची नाही म्हणून मिरवत होतो. आणि पोरं बारा सोडून शून्यावर राबत होती.

१५ नोव्हेंबर

धर्मेशशेठना कळवलं — पंधरात जमणार नाही. काम गेलं.

१७ नोव्हेंबर

अंबरनाथला त्या नव्या कंपनीत गेलो. पोरांसाठी शब्द टाकावा म्हणून, हात जोडूनच. तिथला साहेब पोरसवदाच. नावं ऐकून म्हणाला, "या दोघांना दिवाळीआधीच बोलावलं होतं, आजोबा. पार्सलमागे सोळा देत होतो. आम्ही सध्या तोट्यातच धंदा करतोय. दोघं नाही म्हणाली. काकांकडे दुसरी माणसं नाहीत, म्हणाली."