पूर्ण बंद

माझ्या हातातला सोनोग्राफीचा प्रोब अजून त्या गृहस्थांच्या मानेवरच होता, मॅडम, आणि शेजारच्या खोलीत तुम्ही रिपोर्ट सांगायला लागलाही होता: मेंदूकडे जाणारी डावी रक्तवाहिनी पूर्ण बंद. नारायण पेठेतले निवृत्त शिक्षक. दोनदा दहा-दहा मिनिटं उजवा हात लुळा पडून पुन्हा नीट झालेला. पूर्ण बंद म्हणजे शस्त्रक्रिया नाही, गोळ्या घेत राहायचं. केसाएवढी जरी वाट उरली असेल, तर ती मोकळी करून पुढचा मोठा झटका कदाचित टाळता येतो. परदेशातून आलेलं रंगीत मशीन तेव्हा नवं होतं. दसऱ्याला त्याला हार घातला होता, आणि कंपनीचा इंजिनिअर जी सेटिंग लावून गेला, तिथे ऑफिसने कागद चिकटवला होता: ‘बदलू नये.’ आपण कोणीच बदलत नव्हतो. ती सेटिंग वेगाने धावणाऱ्या रक्ताची. रेंगाळणारं रक्त तिला दिसतच नसे. मी वेगाचं बटण खाली आणते. काळ्या जागेत एक बारीक निळी रेघ लुकलुकते. मी बटण पुन्हा जागेवर नेते. ते गृहस्थ रिपोर्ट घेऊन घरी जातात.

सहा वाजता तुम्ही स्कूटरची किल्ली शोधत होता. मी म्हणाले, “मॅडम, सकाळच्या त्या गुरुजींचं वेग कमी करून बघायला हवं होतं का? आत्ता सुचलं.”

“आत्ता? तेव्हा डोकं काय मंडईत ठेवून आली होतीस?” म्हणालात, पण पर्स खाली ठेवलीत आणि त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावलात. “अहो गुरुजी, चूक माझी झाली. उद्या सकाळी या, पुन्हा बघते.” ते काहीतरी कुरकुरले असावेत. “दुकान बंद दिसलं म्हणून मागचं दार बघूच नये का?”

पुढे दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना तुम्ही गुरुजींच्या त्या तपासणीची फिल्म दाखवत राहिलात. “ही माझी चूक. मशीनला दिसलं नाही म्हणजे रक्त नाही, असं नसतं.” मी मागच्या बाकावर बसून लिहून घ्यायचे. आता मी शिकवते. तीच फिल्म दाखवते, आणि ‘माझ्या मॅडमची चूक’ असंच सांगते.

‘आत्ता सुचलं’ हे खोटं होतं. तुमची भीती वाटली, एवढंच. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साडेआठलाच आले. सदऱ्याच्या गुंड्या मुलीने लावल्या होत्या. उजवा हात पहाटेपासून उचलत नव्हता.