तीन नंबरची दोन इंजिनं

हिमानी बेटा,

फोपनारला आक्काकडे जातोय, संध्याकाळी येतो. तोवर टेबलावरच्या माझ्या खेळण्यातल्या रेल्वेचं बटण कोणी दाबू नये. काल दोन्ही इंजिनं समोरासमोर भिडली. चूक त्यांची नाही. प्रत्येक इंजिनातला डिकोडर, म्हणजे रिमोटचा हुकूम ऐकणारा भाग, कारखान्यातून तीन नंबरचाच पत्ता घेऊन येतो, म्हणून रिमोटवर तीन दाबलं की दोघंही धावत सुटतात. एकाचा पत्ता बदलला की झालं.

आपल्या घरात ‘अहो’चं तेच झालंय. परवा न्हाणीतून तू ‘अहो, टॉवेल द्या’ म्हणालीस ललितला, आणि टॉवेल घेऊन हजर झालो मी. तेव्हापासून तू कोणाला हाकच मारत नाहीस, आणि तो बिचारा समजतोय, बायको रुसली.

तर आजपासून त्याला सरळ ‘ललित’ म्हण. मोठ्यानं म्हण. सासूबाईंची फिकीर नको. तिलाही मी मला ‘सखाराम’ म्हणायला लावलंय. आज सकाळी ‘सखा’पर्यंत आली आणि लाजून थांबली. मी म्हटलं, बस, एवढंच राहू दे.

— बाबा